रकाना सतरा

११ जानेवारी

बहीण फोनवर म्हणाली, "बोलत नाहीस तर निदान लिहीत तरी जा. नाहीतर डोकं फुटेल एक दिवस तुझं." म्हणून ही वही काढली. शाळेच्या प्रयोगशाळेतली उरलेली आहे. एका पानावर रेघा, समोरचं कोरं, आकृत्यांसाठी. मी एकतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो. जे दिसेल ते लिहायची सवय आहे. जे वाटेल ते लिहायची नाही.

बायको जाऊन आज बेचाळीस दिवस झाले.

आज मुलीच्या लेखी परीक्षेचा निकाल लागला. सरकारी दस्तऐवज कार्यालयात सहायकाची जागा. कर्णबधिरांसाठी एक पद राखीव आहे आणि त्या यादीत ती पहिली आली. स्वयंपाकघरात येऊन तिने फोन माझ्या डोळ्यांसमोर धरला, घाईत उलटाच. मी तिच्या पाठीवर थाप मारली. पुढे काय करायचं ते दोघांनाही कळेना. अशा वेळी मुलगी काय म्हणते ते बायको मला सांगे आणि मी काय म्हणतो ते खुणांनी तिला. आज दोघांनी एकदमच तिच्या खुर्चीकडे पाहिलं.

मग मुलीने फ्रिजवरच्या पांढऱ्या फळ्यावर लिहिलं, "अर्ज सोमवारपर्यंत. मुलाखत पुढच्या महिन्यात." मी खाली लिहिलं, "छान." ते फारच कमी वाटलं म्हणून पुढे उद्गारचिन्ह काढलं.

१३ जानेवारी

कपाटाचा खालचा खण आवरला. जुन्या शाली, मुलीचे शाळेतले दाखले, आणि प्लास्टिकच्या पिशवीत एक निळा पोहायचा पोशाख, रबरी टोपीसकट. मुलीच्या मापाचा नाही. बहुतेक शेजारणीचा, वाळत घातलेला चुकून आमच्याकडे आला असावा. शेजारणीला विचारायचा संकोच वाटला. होता तिथेच ठेवला.

१५ जानेवारी

मुलगी कुरियरच्या गोदामात पार्सलं निवडायचं काम करते. आज सुट्टी मिळाली नाही. अर्ज द्यायला मी गेलो.

एरवी हे काम बायकोचं. मुलगी अठ्ठावीस वर्षांची झाली, पण दवाखाना, बँक, कॉलेज, सगळीकडे आई सोबत. गेली तीन वर्षं तर आठवड्यातून चार संध्याकाळी परीक्षेच्या वर्गाला दोघी जात. शिक्षक बोलायचे आणि आई शेजारी बसून खुणांनी सांगायची. मी त्या वेळात घरी पेपर वाचत असे.

अर्ज अकरा पानी. खिडकीवरच्या कारकुनाने पानं उलटली आणि एका ठिकाणी बोट ठेवलं.

"सतरा रिकामा आहे."

"रिकामा नाही. रेघ मारलीय तिने."

"रेघ म्हणजे उत्तर नाही, काका. होय किंवा नाही. मशीन रेघ घेत नाही."

रकाना असा होता: 'नेमणुकीच्या ठिकाणी मदतनीस लागेल काय? लागत असल्यास कोण व किती काळ?'

मी मुलीला मेसेज पाठवला. गोदामात फोन कुलपात ठेवावे लागतात हे नंतर आठवलं. मागचा माणूस म्हणाला, "लवकर ठरवा हो, आमची जेवणाची सुट्टी इथेच संपायची." 'नाही' लिहावं तर उद्या काही अडलं की म्हणतील, तुम्हीच नाही म्हणालात. शिवाय नोकरी लागली तर गाव नवं, माणसं नवी. खिडकीला दोरीने बांधलेलं पेन होतं. मी लिहिलं, "होय. वडील. कायम." अक्षर चांगलं आलं.

कारकुनाने शिक्का मारला. "बघा, सुटलं की नाही?" चांगला माणूस होता.

संध्याकाळी फळ्यावर, "दिला?" मी लिहिलं, "दिला. पावती ड्रॉवरमध्ये." बाकीचं लिहिलं नाही. एवढ्या अकरा पानांत एक रकाना.

१६ जानेवारी

तिकडे दोन खोल्या पुरतील. खिडकी पूर्वेला असली तर बरं. स्वयंपाक मी करीन.

२१ जानेवारी

रविवार. मुलगी मुलाखतीच्या सरावाला जाते तिथे मी पण निघालो. तिने भुवया वर केल्या, पण नको म्हणाली नाही.

एका छापखान्यामागे कागदाचं कोठार आहे. तिथे आठ-दहा जण जमतात, सगळे कर्णबधिर. शिकवणारे मास्तरही तसेच. तीस वर्षं ते याच छापखान्यात कागद कापायचं यंत्र चालवतात. ऐकू येणारी एकच मुलगी होती, ती दुभाषी. तिचे आईवडील कर्णबधिर, म्हणून तिची ही घरचीच भाषा. ती माझ्याशेजारी बसून सगळं बोलून दाखवत होती.

मास्तरांनी सांगितलं, पूर्वी छापखान्यांत मुद्दाम बहिरी माणसं घेत. यंत्रांच्या आवाजाचा त्यांना त्रास नाही. "आणि मालक म्हणायचा, ही माणसं बरी, कामाच्या वेळी गप्पा मारत नाहीत. मालकाची पाठ वळली की आम्ही दिवसभर गप्पाच! यंत्रं सुरू असताना गप्प बसायचे ते ऐकू येणारे."

सगळे हसले. एकाने हसताना पाय आपटले तर पत्र्याचं कपाट थरथरलं. मला वाटलं होतं इथे शांतता असेल. मला समजत नव्हतं, एवढंच.

मुलीने माझी ओळख करून दिली. करताना दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरून पेपर उघडावा तसे बाजूला उघडले. सगळ्यांनी "अच्छा, हे ते" अशा माना हलवल्या. मी दुभाषीला विचारलं, "ती बातम्यांचं काही म्हणाली का?"

"नाही काका, तुमची ओळख करून दिली," ती म्हणाली आणि उगाच कागदांच्या गठ्ठ्यांकडे बघू लागली.

मग मास्तर मुलाखत घेणारे साहेब झाले. फाईलमध्ये डोकं घालून बोलायचं, मध्येच तोंडावर हात धरायचा, नसलेला चहा ढवळायचा. मुलगी समोर बसली होती. थोडा वेळ तिने वाट पाहिली. मग टेबलावर तीनदा टकटक केलं आणि हात हलवले. दुभाषी म्हणाली, "ती म्हणतेय, साहेब, फाईलमध्ये माझा फोटो आहे. मी इकडे बसलेय."

मास्तर खुर्चीवरून पडल्यासारखे हसले. माझी मुलगी विनोदी आहे हे मला माहीत नव्हतं. घरात तिने काही विनोद केला तर तो माझ्यापर्यंत येईतो बायको हसून मोकळी झालेली असे.

निघताना मी दुभाषीला म्हटलं, "मला थोड्या खुणा शिकवाल का? तिकडे गेल्यावर लागतील."

"तिकडे कुठे?"

"नोकरीच्या गावी. मी जाणार ना सोबत."

"ती तसं म्हणाली?"

"ते ठरल्यासारखंच आहे."

तिने एकदा मुलीकडे पाहिलं. पाणी, जेवण, उद्या, मी, तू, लिहिणं, चूक, एवढ्या खुणा शिकवल्या. 'चूक' माझी चांगली येते म्हणाली.

८ फेब्रुवारी

मुलाखत. दुभाषी कार्यालयाने दिला होता. मी बाहेर बाकावर. पंचवीस मिनिटं लागली. बाहेर येऊन तिने दोन केळी खाल्ली आणि अंगठा दाखवला. मी 'पाणी' ही खूण केली. तिने बाटली काढून दिली. घरी येईपर्यंत मला बरं वाटत होतं.

२७ फेब्रुवारी

पत्र आलं.

"उमेदवाराने अर्जातील रकाना १७ मध्ये स्वतः नमूद केल्यानुसार त्यांना मदतनीसाची कायमस्वरूपी आवश्यकता आहे. सदर पद स्वतंत्रपणे काम करण्याचे असल्याने उमेदवारी विचारात घेता येत नाही. हरकत असल्यास पंधरा दिवसांच्या आत कळवावे."

मुलीने तीनदा वाचलं. मग फळ्यावर लिहिलं, "मी रेघ मारली होती." खाली इतकी दाबून रेघ ओढली की पेनाचं टोक आत गेलं.

मी लिहिलं, "बघू."

२८ फेब्रुवारी

बसवत नाही. पंखा पुसला. गॅसची शेगडी सुटी करून धुतली. चपला नीट लावल्या, मग परत लावल्या. दुपारी विनाकारण टपाल कार्यालयापर्यंत जाऊन आलो.

मी चांगल्यासाठीच केलं. खिडकीवर उभं राहून दुसरं काय करता आलं असतं? हे शंभरदा मनात म्हणून झालं. बहिणीचा फोन आला. "तुझा आवाज असा का येतोय?" म्हणाली. सर्दी आहे म्हटलं.

१ मार्च

प्रयोगात आकडा चुकला तर मी पोरांना म्हणायचो, खोडू नका, एक आडवी रेघ मारा आणि शेजारी बरोबर आकडा लिहा, चूक दिसू द्या. पोरांना सांगणं सोपं होतं.

३ मार्च

छापखान्यात तक्रारअर्ज तयार झाला. दुभाषीने मला वाचून दाखवला. "खिडकीवरील कर्मचाऱ्याने उमेदवाराच्या अर्जात परस्पर मजकूर लिहून तिचे नुकसान केले. त्याच्यावर कारवाई व्हावी." शिक्क्याखाली त्याचा क्रमांक असतो, तो मुलीने पावतीवरून शोधून काढला होता. मास्तर खूश होते. इतक्या वर्षांत एकदा तरी पुरावा हातात आलाय, असं म्हणत होते. एका मुलाने टेबलावर मूठ आपटली.

दुभाषीने कागद खाली ठेवला. "काका, अर्ज तुम्हीच नेला होता ना?"

"हो."

"तेव्हा रेघ होती?"

"होती." हे खरंच होतं.

"मग?"

मी पाणी पिऊन येतो म्हटलं. नळाशी बराच वेळ उभा राहिलो. तो कारकून मला काका म्हणाला होता. सुटलं की नाही, असंही म्हणाला होता. खिडकीतून पुढे केलेल्या त्याच्या हाताला शाई लागलेली होती, तेवढीच डोळ्यांसमोर येत राहिली.

तक्रार सोमवारी जाणार. उद्या.

४ मार्च

पहाटे उठून आरशासमोर सराव केला. मी. लिहिणं. दहा आणि सात बोटं. चूक. मी.

मुलगी चहा पीत होती. मी समोर बसलो आणि हात हलवले. तिला वाटलं मी तिलाच दोष देतोय. तिने जोरात मान हलवली. मी परत सुरुवात केली. या वेळी 'मी' म्हणताना छातीवर बोट रोवून धरलं, काढलंच नाही. तिने कप खाली ठेवला.

ती उठून फळ्याशी गेली. "का?"

मी लिहिलं, "तू एकटी कशी राहशील म्हणून." ते बरोबर वाटेना. पुसलं. "मी एक" एवढं लिहिलं आणि तेही पुसलं. पुढे काय लिहिणार होतो ते आता आठवत नाही. ती मागे उभी होती, तिने वाचलं असावं.

मग तिने संपूर्ण फळा पुसून वरपासून लिहायला घेतलं. तिचा हात भराभर चालत होता. मी उतरवून ठेवतो:

"आई तीन वर्षं माझ्यासोबत वर्गाला आलीच नाही. कोपऱ्यापर्यंत यायची. तिथून मी वर्गाला, ती तरणतलावावर. वर्गात मी शेजारच्या मुलीच्या वहीतून उतरवून घ्यायचे. बँकेत पण मी एकटी जायचे. आई बावन्नाव्या वर्षी पोहायला शिकली. न थांबता सोळा फेऱ्या मारायची. मीच म्हटलं, बाबांना सांग. ती म्हणाली, ते नको म्हणणार नाहीत, पण पेपर पण खाली करणार नाहीत."

शेवटचं वाक्य लिहून ती वळली आणि दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरून बाजूला उघडले. छापखान्यात केले होते तसे. ती खूण बातम्यांची नव्हती. ते माझं नाव आहे. बहुतेक तिच्या लहानपणापासून.

मी आत जाऊन कपाटाचा खालचा खण उघडला. ती पिशवी आणून टेबलावर ठेवली. मुलीने टोपी हातात घेतली, ताणली, परत सोडली. कामाला निघून गेली. तक्रारअर्ज टेबलावरच होता. दुपारी परत येऊन तिने तो फाडला.

६ मार्च

फळ्यावर फक्त "दूध".

मी कबुलीअर्ज लिहिला. "रकाना १७ मधील मजकूर मी लिहिला. उमेदवाराला त्याची कल्पना नव्हती. खिडकीवरील कर्मचाऱ्याचा काहीही दोष नाही." वर सुरुवातीला 'माझ्या मूकबधिर मुलीचा अर्ज' असं होतं. तिला वाचायला दिला. तिने 'मूक' खोडला आणि फळ्यावर लिहिलं, "या घरात मुकं कोण आहे?"

दोन दिवसांत ती पहिल्यांदाच काही बोलली. मी नवा कागद घेऊन पुन्हा लिहून काढला.

१९ मार्च

सुनावणी. टेबलामागे तीन जण. मधले अध्यक्ष फाईलमध्ये बघूनच बोलत होते. मुलीने टेबलावर तीनदा टकटक केलं. अध्यक्षांनी मान वर केली आणि मग ती वरच ठेवली.

मला उभं केलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"तिला न विचारता?"

"हो."

"कशासाठी?"

मी ठरवून गेलो होतो की घाई होती असं सांगायचं. "माझी बायको वारली," मी म्हटलं. ते उत्तर नव्हतं. पण कोणी पुन्हा विचारलं नाही.

मग सदस्य बाई म्हणाल्या, "म्हणजे यांना कसलीच मदत लागणार नाही, असं म्हणायचंय का?" मी बोलायला तोंड उघडलं. मुलीने माझ्याकडे न बघता तळहात दाखवला. थांबा. मी खाली बसलो.

ती बोलू लागली आणि कार्यालयाने दिलेला दुभाषी सांगू लागला. धोक्याच्या घंटेला जोडलेला दिवा हवा. बैठकीला दुभाषी, नाहीतर सगळं लेखी. बसायची जागा दाराकडे तोंड करून. जुन्या दस्तऐवजांना वाचणारा लागतो, ऐकणारा लागत नाही. आणि गोदामात ती पाच वर्षं पार्सलं निवडतेय, एकही चुकीच्या गावी गेलेलं नाही, हवं तर मालकाला विचारा.

"आणि वडील?" अध्यक्षांनी विचारलं.

मुलीने थोडा विचार केला. दुभाषी हसू दाबत म्हणाला, "त्या म्हणतायत, वडील घरी बरे. ऑफिसात त्यांना कोणी पेपर वाचू देणार नाही."

बाई हसल्या. मी पण हसलो. या वेळी सगळ्यांबरोबर.

अध्यक्षांनी अर्ज पुढे सरकवला. "रकाना दुरुस्त करा. सही करा." मी लिहिलेल्यावर तिने एक आडवी रेघ मारली. खोडलं नाही. शेजारी "नाही" लिहिलं आणि खाली दिवा, दुभाषी, जागा. बाहेर पडताना खिडकीवर तोच कारकून दिसला. तो कोणाला तरी सांगत होता, "मशीन घेत नाही हो." मी नमस्कार केला. त्याने ओळखलं नाही.

११ एप्रिल

नेमणुकीचं पत्र आलं. गाव चार तासांवर. तिथल्या कार्यालयातल्या एका बाईंबरोबर खोली ठरली आहे. एकच खोली. मी खिडकी कुठल्या दिशेला आहे ते विचारलं. तिने खांदे उडवले.

२ मे

ती गेली.

बसच्या काचा बंद होत्या. शेजारच्या खिडकीशी एक बाई बाहेरून ओरडत होती, "चार्जर घेतला का, चार्जर!" आणि आतला मुलगा कानाला हात लावून काय, काय करत होता. आम्हाला काही अडचण नव्हती. मी विचारलं, जेवण? ती म्हणाली, आहे. तुम्ही? मी म्हटलं, उद्या. मला 'नंतर' येत नाही. ती हसली आणि 'नंतर' ची खूण दाखवली, दोनदा. मी करून बघितली. बस वळेपर्यंत आम्ही बोलत होतो.

३ मे

फळा पुसला नाही.

४ मे

पेपर आला. दाराशीच राहू दिला.

१० मे

सकाळपासून घरात येरझाऱ्या घालत होतो. दहा वाजता चपला घातल्या आणि कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथून मुलीचा वर्ग डावीकडे. मी उजवीकडे वळलो.

तरणतलाव लांबूनच वासाने कळतो, क्लोरीनचा. प्रयोगशाळेची आठवण झाली. खिडकीवर एक जाडसर गृहस्थ बसले होते.

"पोहता येतं?"

"नाही."

"वय?"

"एकसष्ट."

"शिकणाऱ्यांचा गट सकाळी सात ते आठ. हा भरा."

एकच पान होतं. नाव, पत्ता, रक्तगट भरला. शेवटी, 'तातडीच्या वेळी कोणाला कळवावे?' मी मुलीचा नंबर लिहिला.

त्यांनी वाचून बघितलं. "या नंबरवर लगेच उचलतील ना फोन? इथे पाण्याचा मामला असतो."

"तिला ऐकू येत नाही."

"मग दुसऱ्या कोणाचा तरी द्या हो. भाऊ, बहीण, शेजारी."

मागे रांग होती. कोणीतरी घसा खाकरला. या खिडकीलाही पेन दोरीने बांधलेलं होतं. मी ते परत उचललं आणि नंबरच्या शेजारी, उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात लिहिलं: "फोन करू नये. मेसेज करावा. ती येईल."

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "अहो, एवढं लिहायला जागा नाहीये त्यात."

"मावलं," मी म्हटलं.